फटाक्यांची बंदी, मुभा आणि आपला उंबरठा

दिवाळीपूर्वीच्या आमच्या शाखा-बैठकीत दोन ठरावांचे मसुदे पुढे आले आणि दोन्ही बारगळले. वर्धा जिल्ह्यात खाजगी व्यक्तींना फटाके उडविण्यास संपूर्ण बंदी करावी, अशी मागणी संघटनेने जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी, असा पहिला मसुदा होता. दुसरा त्याच्या अगदी उलट. सण हा लोकांचा आहे, त्यात वैद्यांनी पडू नये आणि संघटनेने या विषयावर कोणतीही भूमिका घेऊ नये, असे त्यात म्हटले होते. दोन्ही बाजूंना जाणकार मंडळी होती, दोन्हीकडे आवाज चढले, आणि अखेरीस 'विषय पुढील बैठकीत घ्यावा' या आपल्या नेहमीच्या वाक्यावर चहा आला. पुढील बैठक आता जवळ येत आहे. तिच्यापूर्वी या विषयाचा नीट विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक कबुली देणे आम्हास आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या सायंकाळी आमच्या दवाखान्यात धन्वंतरीपूजन होते. शेजारच्या गल्लीत औषधी दुकान चालविणारे आमचे एक जुने स्नेही पूजेस आले होते. आरती झाली, धने-गुळाचा प्रसाद वाटला आणि मोठ्या उत्साहाने त्यांनी दारात हजाराची लड लावली. आम्ही हसतमुखाने पाहत उभे होतो. दवाखान्याच्या बाकावर देवळीकडून आलेली, तमकश्वासाची आमची एक जुनी रुग्ण, एक वृद्धा, औषध नेण्यासाठी बसली होती. लड संपेपर्यंत गल्लीतला सारा धूर आत भरला होता आणि ती बाई पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास ओढीत होती. आमच्याकडे जे होते ते केले. शेवटी ऑटोत घालून तिला इस्पितळात न्यावे लागले. ती बरी झाली, हे आमचे भाग्य. आठ दिवसांनी तिचा मुलगा पिशवीत उरलेली औषधे घेऊन आला. तो रागावलेला नव्हता. एवढेच म्हणाला, "धुपटापासून दूर ठेवा म्हणून तुम्हीच त सांगतलं होतं न, डाक्टरसाहेब?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. पथ्याचा कागद आमच्याच अक्षरातला होता.

तेव्हा, 'वैद्यांनी यात पडू नये' हे म्हणणे आम्हास मान्य होण्यासारखे नाही. आपण त्यात आधीच पडलेलो आहोत. रोग्यास 'रज, धूम, वात टाळा' असे सांगणारा वैद्य धुराच्या प्रश्नावर तटस्थ राहू शकत नाही. चरकाचार्यांनी हिक्का-श्वासाच्या निदानात धूळ आणि धूर यांना स्थान दिले, ते काही केवळ चुलीच्या धुराला अनुलक्षून नव्हे. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय ज्यांनी बारकाईने वाचला असेल, त्यांना दूषित वायूच्या लक्षणांची यादी आठवेल. तेथे असात्म्य गंध, बाष्प, धूळ आणि धूर यांनी बिघडलेल्या वायूचा निर्देश आहे, आणि त्याच यादीत भयंकर आवाज करणाऱ्या वायूचाही आहे. सूत्रस्थानात इंद्रियार्थांच्या अतियोगाचे वर्णन करताना मेघगर्जना, नगारे, आरोळ्या यांचे अतिमात्र श्रवण हा कानाचा अतियोग म्हटला आहे. लहान मुलास घाबरविणे हितकर नाही, हे तर शारीरस्थानात स्पष्टच सांगितले आहे.

मात्र येथे थोडे थांबले पाहिजे. आपल्यातील काही मंडळींना प्रत्येक आधुनिक गोष्ट ग्रंथात सापडते. चरकाचार्यांसमोर बंदुकीची दारू नव्हती. वादळाच्या वाऱ्याचे वर्णन करणाऱ्या शब्दांतून सुतळी बाँबचा निषेध काढणे, म्हणजे ग्रंथाचा आदर नव्हे. त्या वचनांपासून आपण घ्यायचे ते तत्त्व घ्यावे. ते असे, की वायू, जल, देश आणि काल ही चार सर्वांची सामाईक आहेत आणि ती बिघडली म्हणजे प्रकृती, आहार, वय भिन्न असलेली माणसेही एकाच वेळी आजारी पडतात. एकाच्या अंगणातला धूर दुसऱ्याच्या छातीत जातो, एवढाच त्याचा आजच्या प्रश्नाशी संबंध. आणि तो पुरेसा आहे.

परंपरेची भाषा दुसऱ्या बाजूनेही केली जाते. फटाके हा आपल्या धर्माचा भाग आहे, मग त्यावरच बोट का, असे बैठकीत विचारले गेले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे प. कृ. गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली. इ. स. १४०० च्या पुढचाच काळ त्यांनी विचारात घेतला, कारण दारूकाम आपल्याकडे रुजले ते सुमारे तेव्हापासून. सोळाव्या शतकात एकनाथमहाराजांनी रुक्मिणीस्वयंवर रचले, त्यातील विवाहसोहळ्यात आतषबाजी आहे, हेही त्यांनी नोंदविले आहे. हा उल्लेख आपल्याला विशेष जवळचा. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूर आपल्याच वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावर, अमरावती जिल्ह्यात आहे; आर्वीकडची मंडळी कार्तिकात तेथे जातात. म्हणजे परंपरा आहे, हे खरे. परंतु ती राजांच्या आणि श्रीमंतांच्या लग्नसमारंभांची, एका मोकळ्या मैदानात जाणत्या दारूकाम करणाऱ्याने केलेल्या कामाची परंपरा आहे. घराघरातल्या पोराच्या हातात पेटती वात देणारी दिवाळी ही शिवकाशीचे कारखाने विसाव्या शतकात उभे राहून माल स्वस्त झाल्यानंतरची. दिव्यांच्या सणाहून ती पुष्कळच तरुण आहे.

आता द्रव्याकडे वळू, कारण हा आपला प्रांत आहे. सोरा, गंधक आणि कोळसा ही फटाक्याची मूळ सामग्री. यांपैकी सोरा आणि गंधक आपल्या औषधनिर्मात्यांच्या कोठारात असतात. गंधक आपण कसा वापरतो? तुपात वितळवून, दुधात गाळून, पुन्हा पुन्हा शोधन करून, आणि मगच कज्जलीत किंवा गंधक रसायनात. अशुद्ध गंधक रोग्याच्या पोटात गेला तर काय होते, ते आपण विद्यार्थ्यांस पाठ करावयास लावतो. तोच अशोधित गंधक जाळून शेजाऱ्याच्या नाकात घालण्याविषयी मात्र आपणास काही वाटत नाही. शिवाय रंगांसाठी हिरव्यास बेरियमचे क्षार, तांबड्यास स्ट्रॉन्शियम, निळ्यास तांबे आणि पांढऱ्या लखलखाटास ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची पूड लागते. मनःशिळा व हरताळ यांचे नाव घेतले तरी आपण सावध होतो. फटाक्यांत आर्सेनिक, पारा, शिसे, अँटिमनी आणि लिथियम यांची संयुगे वापरू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयास २०१७ मध्ये सांगावे लागले.

लोक आवाजावर भांडतात आणि धुरास विसरतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये सहा प्रकारच्या फटाक्यांच्या धुरातील सूक्ष्म कण मोजले होते. सर्वांत वाईट निघाली ती जिचा आवाजच होत नाही अशी नागगोळी. तिच्या धुरात दर घनमीटरमागे सुमारे ६४,५०० मायक्रोग्रॅम इतके २.५ मायक्रॉनखालील कण आढळले. हजाराच्या लडीचा आकडा सुमारे ३८,५०० होता, फुलबाजीचा सुमारे १०,४००, भुईचक्राचा ९,५०० च्या आसपास आणि झाडाचा ४,९०० च्या आसपास. आपल्या देशाने चोवीस तासांच्या सरासरीसाठी ठरविलेली मर्यादा ६० आहे. ही मोजमापे जवळून घेतलेली, काही मिनिटांची आहेत. चोवीस तासांच्या सरासरीशी त्यांची सरळ तुलना कोणी करू नये. परंतु नागगोळी पेटवून तिच्यावर वाकून साप कसा निघतो ते पाहणारे मूल त्या काही मिनिटांतच तेथे असते. 'मुलांसाठी निर्धोक' म्हणून आई-वडील जी वस्तू विकत आणतात, ती धुराच्या हिशेबात सर्वांत पुढे आहे, ही गोष्ट आपल्या दवाखान्याच्या भिंतीवर लावण्याजोगी आहे.

'हरित फटाके' हा त्यावरचा तोडगा म्हणून सांगितला जातो. हे काम आपल्या शेजारी, नागपूरच्या नीरी संस्थेत झाले आणि २०१९ च्या दिवाळीपूर्वी ते बाजारात आणले गेले. त्या शास्त्रज्ञांविषयी आम्हास आदरच आहे. मात्र त्यांचा स्वतःचा दावा कण सुमारे तीस टक्क्यांनी कमी होण्याचा आहे, शून्य होण्याचा नाही. अल्पदोष आणि निर्दोष यांतील भेद आपल्या वाचकांस सांगावयास नको. शिवाय हिरवे चिन्ह छापलेल्या खोक्यात खरोखर काय आहे, हे आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या बाजारात कोण तपासणार, हा प्रश्न उरतोच.

कायद्याचे म्हणाल तर तो बराच आहे. आपणास माहीत नाही इतकेच. स्फोटाच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्याचे उत्पादन, विक्री व वापर यांवर १९९९ पासून बंदी आहे. लडीतील फटाक्यांची संख्या वाढेल तशी प्रत्येक फटाक्याची मर्यादा आणखी खाली येते. इस्पितळे, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र, हे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरविले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाजाचे फटाके नकोत, हे सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी निकालात सांगितले. तीन लहान बालकांच्या नावाने २०१५ मध्ये दाखल झालेल्या अर्जावर २३ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने दिवाळीत रात्री आठ ते दहा एवढीच वेळ, बेरियमला बंदी आणि लडींना पूर्ण बंदी असा आदेश दिला. हे निर्देश दिल्लीपुरते नसून सर्व राज्यांना लागू आहेत, हेही न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. याचा अर्थ, आमच्या दारात लावली तशी हजाराची लड आज वर्ध्यात कोणी लावली तर ती मुळातच बेकायदा आहे. आपल्यापैकी किती जणांस हे ठाऊक होते? बैठकीत विचारले तेव्हा दोन हात वर झाले. त्यांतला एक वकिलीही शिकलेला होता.

मग संपूर्ण बंदीच का मागू नये? जिल्ह्यापुरता सरसकट मनाई हुकूम काढावा, म्हणजे झाले, असे पहिल्या मसुद्याचे कर्ते म्हणाले. त्यांचा हेतू शुद्ध आहे. परंतु आपण वर्धेकर आहोत. गांधीजी आणि विनोबा यांची कर्मभूमी म्हणून या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. तिचे समर्थक आणि विरोधक दोघेही आपल्या सभासदांत आहेत; तो वाद येथे काढण्याचे कारण नाही. परंतु पोटात पाणी झालेला यकृताचा रुग्ण या दारूबंदीच्या जिल्ह्यातून आपल्या दवाखान्यात येत नाही, असे सांगण्याचे धाडस कोणी करील काय? शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठली. बंदीमुळे घडणाऱ्या हितावर आमचा विश्वास आहे. मात्र हुकूम निघाला की काम संपले, हा समज आम्ही येथे पन्नास वर्षे पाहिला आहे. ज्या नियमास शेजारी-शेजारी मानत नाहीत, तो पाळून घेण्यास ठाण्यातले चार शिपाई पुरत नाहीत. फटाक्याच्या बाबतीत तर तक्रार करावी लागते ती समोरच्या घराविरुद्ध, ज्याच्याकडून उद्या सकाळी फराळाचे ताट येणार असते.

आणखी एक वस्तुस्थिती शहरातल्या मसुदाकारांच्या लक्षात आलेली दिसत नाही. आपल्या जिल्ह्यात खाजगी फटाका केवळ दिवाळीत वाजत नाही. सेलू, कारंजा, आर्वी, आष्टी या तालुक्यांत, विशेषतः बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या शिवारात, शेतकरी रात्री जागलीला जातो तेव्हा बॅटरी, काठी आणि खिशात दोन-चार सुतळी बाँब घेऊन जातो. रानडुकरांचा कळप तुरीत किंवा चण्यात शिरला, रोह्यांनी पीक तुडवायला घेतले, की त्याच्यापाशी दुसरे साधन नसते. गोळ्यात दारू भरून जनावराचे तोंड फोडणारा गावठी बाँब हा वेगळा, तो गुन्हाच आहे आणि त्याविषयी दुमत नको. पण आवाजाने कळप हाकलणाऱ्या माणसाला आपण काय सांगणार? कुंपणाचे, नुकसानभरपाईचे प्रश्न सुटेपर्यंत त्याची वात काढून घेण्याचा ठराव वातानुकूलित सभागृहात करणे आम्हास शोभणारे वाटत नाही. सरसकट बंदीच्या विरुद्ध आमचा हा सर्वांत बळकट आक्षेप आहे. परंपरेचा आक्षेप त्यापुढे फिका आहे.

त्याच शेतकऱ्याची दुसरी बाजूही पाहावी. दिवाळी येते ती नेमकी माल घरी येण्याच्या दिवसांत. सोयाबीनच्या गंजी शेतात उभ्या असतात, कुटाराचे ढीग असतात, सीतादही होऊन कापसाची पहिली वेचणी ओसरीवर येऊन पडलेली असते, आणि हिंगणघाट-पुलगावकडच्या जिनिंगच्या आवारात गाड्या लागू लागतात. कापसाला ठिणगी पुरते. ती वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. आकाशात सोडलेला बाण कोणाच्या गंजीवर उतरेल, हे तो सोडणाऱ्यास माहीत नसते. एका कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न दुसऱ्याच्या दहा रुपयांच्या करमणुकीवर अवलंबून ठेवावे काय? बाणांना, म्हणजे उडणाऱ्या आतषबाजीला, गावठाणात आणि शिवारात मनाई असावी, असे आम्ही म्हणतो ते या कारणाने, आणि याबाबतीत आम्ही नमते घेणार नाही.

या जिल्ह्यास स्फोट म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली, तिच्यात किमान सोळा जणांचे प्राण गेले. त्या रात्री आसपासच्या गावांतील माणसे मुलाबाळांना घेऊन घराबाहेर पडली होती. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव (आबाजी) जवळ निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात सहा जण गेले. ही दिवाळीची दारू नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही तिकडच्या गावांत सुतळी बाँब वाजला की काही वृद्ध माणसे अजून दचकून उठतात, हे आमच्या तेथील सहकाऱ्यांनी सांगितले आहे. वातप्रकृतीच्या, अनिद्रेने पीडित रुग्णाच्या वृत्तपत्रात एवढा उल्लेख तरी यावा.

जो फटाका आपण उडवितो, तो कोणी तरी बनविलेला असतो. शिवकाशीजवळ मुदलीपट्टी येथे ५ सप्टेंबर २०१२ रोजी कारखान्यात झालेल्या स्फोटात चाळीसच्या आसपास माणसे मेली. ते दूर वाटत असेल तर पुण्याशेजारी तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी काय घडले ते आठवावे. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या तेथे बनत. आग लागली आणि सहा स्त्रिया तेथेच गेल्या, पुढील दिवसांत आणखी काही. केकवरची ती चमक आता आपल्या घरांतही दिवाळीची वाट न पाहता वर्षभर पेटते. बंदीची चर्चा करताना तिची आठवण कोणासच झाली नाही.

आमचे मत आता स्पष्टपणे मांडतो. आवाजाचे फटाके, लडी आणि उडणारे बाण हे खाजगी करमणुकीतून जावेत. पैकी लडी कायद्याने गेलेल्याच आहेत, त्या बाजारातून जाव्यात. शेतराखणीचा वापर यातून वगळावा आणि त्याची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी. नागगोळी विकणे थांबवावे. फुलबाजी, झाड, भुईचक्र यांना दिवाळीत ठरलेल्या दोन तासांत, मोकळ्या जागी, मोठ्या माणसांच्या देखत मुभा असावी. त्यांचा धूर निरुपद्रवी आहे असे आम्ही म्हणत नाही. वरचे आकडे आम्हीच दिले आहेत. परंतु जो नियम आई आपल्या मुलास समजावून सांगू शकते, तोच पाळला जातो. 'एवढे, एवढ्या वेळात, येथे' हे समजावता येते. 'काहीच नाही' हे आदेशाने सांगावे लागते, आणि मग मुले पर्याय शोधतात. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ, विदिशा या भागांत नळीत कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून उडवायच्या 'कार्बाइड गन'ने शंभराहून अधिक जणांचे, त्यांत बहुसंख्य मुलांचे, डोळे जायबंदी केले. ती बंदीमुळे आली असे नाही, स्वस्त होती म्हणून आली. पण जेथे मोजका माल देखरेखीखाली मिळत नाही, तेथे असल्या वस्तूंना वाव अधिक, हे कोणीही कबूल करील. ही नळी तर कोणत्याही मुभेत बसू नये.

ज्या गावांना शक्य आहे त्यांनी एका मैदानावर, परवानाधारक माणसाकडून, अर्ध्या तासाची एकच आतषबाजी करावी, ही सूचनाही आम्हास पसंत आहे. एकनाथांच्या काळची परंपरा हवी असणाऱ्यांस ती त्यातच मिळेल.

आता आपल्या घरातले. धनत्रयोदशी हा आपला दिवस. २०१६ पासून शासनाचा आयुर्वेद दिनही त्याच तिथीस होत असे; २०२५ पासून तो २३ सप्टेंबरला गेला. म्हणजे आता धन्वंतरीपूजनात शासकीय कार्यक्रमाची सबब उरली नाही. तेथे जे होते ते सर्वस्वी आपण करतो. या पूजनात कोणत्याही सभासदाच्या दारात फटाका वाजू नये, एवढे तर कोणत्याही जिल्हाधिकाऱ्यास न विचारता करता येते. दुसरे, आपल्यातील काही औषधी दुकानदार दिवाळीत दुकानाच्या ओट्यावरच फटाक्यांचा ठेला मांडतात. आत कापूर, राळ, गुग्गुळ, सुकी वनस्पती, तूप-तेलांचे डबे, गंधक आणि सोरा, बाहेर खोकेच्या खोके. तात्पुरत्या फटाकाविक्रीच्या छपऱ्या एकमेकांपासून तीन मीटर आणि लगतच्या संरक्षित वास्तूंपासून पन्नास मीटर दूर असाव्यात, असे २००८ च्या स्फोटक नियमांत आहे; दुकानाचा ओटा त्यात कसा बसतो, ते त्यांनीच सांगावे. छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, २९ ऑक्टोबर २०१६ रोजी फटाक्यांच्या बाजारातली शंभराहून अधिक दुकाने काही मिनिटांत जळाली, आणि ती तर मोकळ्या मैदानावर होती.

तिसरी गोष्ट लिहिताना संकोच होतो, पण लिहितो. दिवाळीच्या तोंडावर 'फटाक्यांच्या धुरापासून संपूर्ण संरक्षण' अशा जाहिराती करून अवलेह आणि काढे विकणारे आपल्यातच आहेत. वासा, कंटकारी, यष्टीमधू यांचे गुण आम्ही रोज वापरतो आणि जाणतो. परंतु निदान-परिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी; कारण चालू ठेवून औषध विकणे ही चिकित्सा नव्हे. धूप जाळून फटाक्याचा धूर 'शुद्ध' होतो असे सांगणारे तर धुरात धूर मिसळतात. श्वासाच्या रुग्णांस दिवाळीच्या पंधरा दिवस आधी बोलावून तपासावे, नेहमीची औषधे, मग ती आपली असोत की इस्पितळातून चालू असलेला पंप असो, बंद करू नका असे बजावावे, त्या चार संध्याकाळी खिडक्या लावून आतल्या खोलीत बसण्यास सांगावे, आणि दम वाढला तर सेवाग्राम किंवा सावंगी गाठण्यास उशीर करू नये, हे कागदावर लिहून द्यावे. यात आपल्या शास्त्राचा कमीपणा कोठेही नाही.

भाजण्याविषयीही एक वादग्रस्त वाक्य. सुश्रुताचार्यांनी प्लुष्ट दग्धात उष्णोपचार सांगितला आहे, त्यामागची उपपत्ती आम्ही शिकविलीही आहे. तरीही भाजलेला हात घेऊन मूल आले की आम्ही तो प्रथम वीस मिनिटे नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरतो, बर्फ किंवा दंतमंजन लावू देत नाही, आणि डोळ्यास इजा असेल तर न चोळता, न धुण्यात वेळ घालविता नेत्रतज्ज्ञाकडे पाठवितो. अपवाद फक्त कार्बाइडसारखे रसायन उडाल्याचा, तेथे धुणे आधी. प्लुष्टावरील शास्त्रचर्चा पुढील अंकात करण्यास आम्ही तयार आहोत. असहमत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

येत्या बैठकीत आम्ही तिसरा मसुदा मांडणार आहोत. त्यात मागणी कमी आणि स्वतःवरची बंधने अधिक आहेत. धन्वंतरीपूजनात फटाका नाही, औषधी दुकानाच्या ओट्यावर ठेला नाही, धुराच्या नावाने जाहिरात नाही, नागगोळीविषयीचा तक्ता प्रत्येक दवाखान्यात, आणि प्रशासनाकडे अर्ज फक्त दोन: लडींची विक्री थांबवावी व उडणाऱ्या बाणांना मनाई करावी. मसुदा सह्यांसाठी फिरविला तेव्हा पहिली सही त्या लडवाल्या स्नेह्यांची मिळाली. सहीखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढविली आहे: 'लक्ष्मीपूजनास नातवासाठी फुलबाज्यांची दोन पाकिटे आणणार, त्यावर संघटनेने आक्षेप घेऊ नये.' ती ओळ आम्ही खोडलेली नाही.